बॉनेटवरचं कुंकू

मी फडकं उचललं आणि बॉनेटवर स्वस्तिक दिसलं.

आधी वाटलं, डोळ्यांवर अंधारी आली असेल. सकाळपासून उन्हात उभा होतो. मी पुन्हा फडकं फिरवलं, कंपाउंडचा पांढरा चिखल पुसला, तर स्वस्तिक आणखी ठसठशीत झालं. निळ्या रंगात त्याहून गडद निळं. चांगलं वीतभर रुंद, चारी टोकं वळलेली, चार घरांत चार ठिपके. दसऱ्याला आपण उंबऱ्यावर काढतो अगदी तसं. एरवी हात जोडले असते. पण दिवस लढाईचे होते, गाडी गोऱ्या साहेबाची होती आणि संध्याकाळी साहेब त्याच गाडीतून नगरच्या लष्करी कँपात मोठ्या अधिकाऱ्याला भेटायला जाणार होता.

आता जरा मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो. तसा मी भित्रा आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी भ्यायला कारण होतं.

मी तेव्हा नगरमध्ये गोविंदशेठच्या मोटार गॅरेजात रंगकामाचा मिस्त्री होतो. रंगकाम म्हणायचं, पण रंग होता कुठे? चांगला स्प्रेचा रंग सगळा लष्कराकडे जायचा. आमच्या कपाटात काळ्याचा अर्धा डबा आणि खाकीचे दोन, बस्स. त्यामुळे जुन्या गाडीचा मेलेला रंग उजळून देणं हेच माझं पोट भरायचं काम झालं होतं.

हे काम कसं चालतं ते सांगतो. गाडीचा रंग उन्हानं मरतो. वरचा पापुद्रा विटतो आणि बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. खाली मात्र रंग जिवंत असतो. कंपाउंड म्हणजे बारीक पूड घातलेली पेस्ट. ती ओल्या फडक्यावर घेऊन घासायची आणि वरचा मेलेला पापुद्रा काढून टाकायचा. याला कटिंग म्हणतात. मग पॉलिश, मग मेण, शेवटी शामीचं मऊ कातडं. लोकांना वाटतं आम्ही गाडीला चमक लावतो. कसली लावतो! आम्ही रंग काढतो. दर वेळी थोडा काढतो, आणि जास्त काढला तर खालचं लोखंड तोंड वर काढतं. थांबायचं कुठे एवढंच या धंद्यात शिकायचं असतं.

गाडी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या मॅनेजर साहेबाची. साहेब कारखान्यात नवा होता. गाडी मात्र जुन्या साहेबाच्या वेळची, कारखान्याची. ड्रायव्हर काशिनाथ आदल्या दिवशी ती घेऊन आला होता, आणि साहेब स्वतः संध्याकाळच्या रेल्वेनं नगरला उतरायचा होता. त्या काळच्या गाड्यांचं बॉनेट मधोमध बिजागरीचं असायचं, डावी पाख वेगळी, उजवी वेगळी. उजवी पाख मी आधी केली. तोंड दिसेल अशी निघाली. मोठ्या तोऱ्यात डावीला हात घातला, आणि हे वर आलं.

"काशिनाथकाका, जरा इकडे या."

काशिनाथ पन्नाशीचा, गिड्डा, गोदाकाठच्या खेड्यातला माणूस. दाराशी बिडी ओढत बसला होता. आला, बघितलं, आणि बिडी तोंडातून खाली पडली.

"आयो! हे वर कसं आलं? म्या तर राकेलनं पुसलं हुतं की!"

"म्हणजे तुम्ही काढलंत हे?"

"म्या न्हाई तर कोन? गाडीला दसऱ्याला कुंकू लावायचं न्हाई व्हय? जुन्या सायबाला लई आवडायचं. तो लढाईवर गेला. पेट्रोल न्हाई, गाडी वरीसभर उनात उभी. मला लई वंगाळ वाटायचं. मंग तुपात कुंकू कालवून काढायचो. वाळलं का वरनं पुन्यांदा. दसरा, पाडवा, आवस, कवाबी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर सगळं बॉनेट उन्हात विटलं होतं, पण जिथे तुपाचा लेप होता तेवढ्याच रंगाला ऊन लागलं नव्हतं. तेवढा रंग गडद राहिला होता. वर खडूचा आणि धुळीचा थर होता तोवर सगळंच बॉनेट सारखं राखी दिसत होतं. मी तो थर काढला आणि खालचं उघडं पडलं. म्हणजे माझी कारागिरी जितकी चांगली, तितकं ते स्वस्तिक ठळक.

"बरं, घाबरू नका," मी म्हणालो. घाबरलेला मीच होतो. "साहेबाला सांगू, पूजेचं आहे. त्याला काय कळत नाही का?"

काशिनाथ मटकन खाली बसला.

"मिस्त्री, तुमाला ठावं न्हाई. हा सायेब आला त्या दिशी माळ्याच्या बायकूनं बंगल्याच्या दाराम्होरं रांगोळी घातली. मधी स्वस्तिक. चांगलं मनानं घातलं हो तिनं! सायेब उतरला, बघितलं. एक सबूद बोलला न्हाई. बुटानं पुसून टाकलं. दुसऱ्या दिशी माळी कामावर न्हाई."

"एवढ्यासाठी?"

"त्याचा पोरगा इमान चालवायचा. जर्मनानं पाडला. म्हैना झाला नसंल तवा."

आपलं स्वस्तिक सरळ असतं, हिटलरचं तिरकं. आपल्याला ठिपके असतात, त्याला नसतात. हे सगळं मला माहीत होतं. पण ज्याचा मुलगा गेला त्याच्यापुढे ठिपके मोजून दाखवणार कोण? आणि कँपाच्या फाटकावर पहाऱ्याला उभा असलेला गोरा? लढाई सुरू झाली तेव्हा इकडचे जर्मन धरून आमच्या नगरच्याच कँपात आणून ठेवले होते. तेव्हापासून गावात कुजबुज असायची. अमक्याला रेडिओ ऐकला म्हणून नेला, तमक्याला काहीतरी बोलला म्हणून नेला. त्यातलं खरं किती, कोण जाणे. पण नेला हा शब्द नुसता कानावर पडला तरी माणसं आवाज खाली आणायची.

"मिस्त्री, माझी लेक पदरात हाय. औंदा लगीन ठरलंय," काशिनाथ म्हणाला. "मला आत टाकतील का हो?"

मी म्हणालो, "छे हो!" पण माझ्या आवाजाला काही जोर नव्हता.

एवढ्यात गोविंदशेठ आले. जाडजूड गृहस्थ, धोतराचा सोगा हातात. त्यांनी बॉनेट बघितलं आणि सोगा सुटला.

"अरे देवा! झाका ते! आधी झाका! नाऱ्या, तुला एवढं घासायला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच, शेठ. तोंड दिसलं पाहिजे म्हणालात."

"मग तोंड दिसायचं सोडून हे काय दिसतंय? गॅरेजचं नाव बदनाम करशील, मला बेड्या घालशील!"

शेठची ही रीत होती. आपत्ती आली की ती आधी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि मग तिच्यावर उपाय शोधायचा. उपायही लगेच निघाले. शेठ म्हणाले, काळा रंग फास. मी म्हटलं, निळ्या गाडीवर एकच काळी पाख? काशिनाथ म्हणाला, चिखल लावू, वाटंत उडाला म्हनू. मी म्हटलं, एकाच पाखेला, पाऊस नसताना? मग दोघेही माझ्याकडे बघत राहिले. दोघं माझ्याकडे बघत राहिले की मला हमखास घाम फुटतो.

खरा उपाय एकच होता. सबंध डावी पाख आणखी खोल कापायची. भोवतालचा विटलेला रंग काढत काढत आतल्या ताज्या रंगापर्यंत पोचायचं आणि स्वस्तिक त्याच पातळीला आणायचं. रंग एकसारखा झाला की आकृती नाहीशी. प्रश्न इतकाच की तेवढा रंग खाली शिल्लक आहे का? रंगाची जाडी डोळ्यांना दिसत नाही. फडक्यावर वाचावी लागते. फडक्यावर निळं उतरतंय तोवर ठीक. त्या निळ्यात तांबूस झाक आली की हात जागच्या जागी उचलायचा, कारण गंज लागू नये म्हणून लोखंडाला सगळ्यात खाली तांबड्या रंगाचा हात दिलेला असतो. तो एकदा उघडा पडला की बुजवायला आमच्याकडे निळा रंग नव्हता, आणि अख्ख्या नगरात कुठेही नव्हता.

मी घासायला लागलो. हात हलका ठेवला. चार घासण्या, मग पाणी, मग फडकं बघायचं. निळं. पुन्हा. निळं. स्वस्तिक मात्र जागचं हलेना.

आणि त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

कँपातला एक सार्जंट होता. आमच्याकडे चाकाचं पंक्चर काढून घ्यायला यायचा. तो आत आला तेव्हा स्वस्तिक त्याच्या आणि माझ्यामध्ये उघडं पडलेलं. फडकं टाकावं तर माझ्या हातातलं फडकं जेमतेम तळहाताएवढं. मला काही सुचलं नाही. मी सरळ बॉनेटवर पालथा पडलो आणि हात लांब करून काचेजवळचा भाग घासायला लागलो. जणू तिथेच फार मळ होता.

शेठ गारठल्यासारखे उभे. काशिनाथ चाकामागे बसलेला. त्याचे ओठ हलत होते, तो देवाचं नाव घेत असावा.

सार्जंट गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आला. मी केलेली उजवी पाख त्यानं बघितली. "गुड शाइन!" म्हणाला. खिशातून फणी काढली, वाकला, आणि बॉनेटमध्ये बघून भांग पाडायला लागला. त्याचं तोंड आणि माझं तोंड यांत हाताचं अंतर. त्याच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ते खालच्या पत्र्यावर वाजतंय आणि त्याला ऐकू जातंय असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही हसलो. ते हसू कसं दिसलं असेल देव जाणे.

"धिस साइड ऑल्सो?" त्यानं माझ्या पोटाखाली बोट दाखवलं.

"यस साहेब. नॉट रेडी. व्हेरी डर्टी," मी म्हणालो.

तेवढ्यात शेठना कंठ फुटला. "साहेब, चाय! चाय, कम, कम!" करत त्यांनी त्याला जवळजवळ ओढत कचेरीकडे नेलं. मी तसाच पालथा पडून राहिलो. मोटारसायकल गेल्याचा आवाज आला तेव्हा काशिनाथनं मला धरून उभं केलं.

उभा राहिलो आणि खाली बघितलं. स्वस्तिकाच्या बरोबर मध्यावर, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे, नखाएवढा खोल ओरखडा पडला होता.

मी माझ्या छातीकडे बघितलं. अंगात जुन्या बाजारातून घेतलेला लष्करी शर्ट. पितळी बटणं. आमच्या धंद्यात गाडीला हात लावायचा तर बिनबटणाची बंडी घालतात. मीही रोज घालायचो. त्या दिवशी साहेब येणार म्हणून शेठनीच सांगितलं होतं, जरा बरा शर्ट घाल. म्हणून हा बरा शर्ट.

"आता रं कसं?" काशिनाथ म्हणाला.

"आता काही नाही. कापायचं," मी म्हणालो. शर्ट काढून फेकला आणि उघड्या अंगानं कामाला लागलो.

दुपार सगळी त्यात गेली. खांदे भरून आले. एकेक करून ठिपके विरघळले. मग एक बाहू गेला, मग दुसरा. काशिनाथ शेजारी पाणी ओतत होता आणि एकेक भाग नाहीसा झाला की हळूच तोंडात मारून घेत होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "पुसतोय तर देवाचंच ना, मिस्त्री." मला ते ऐकून कसंसंच झालं. तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भीतीपायी आम्ही दोघं आपल्याच हातानं स्वस्तिक पुसत होतो. पण हात थांबवला नाही. थांबवता येत नव्हता.

शेवटी आकृती गेली. सगळी पाख एकसारखी निळी. राहिला फक्त मधला ओरखडा. अंग चोरून, फडक्याचं एक टोक बोटाला गुंडाळून मी तेवढाच भाग घासायला लागलो. निळं. निळं. आणखी थोडं.

फडक्यावर तांबूस आलं.

मी हात उचलला, पण उशीर झाला होता. निळ्याशार, आरशासारख्या पाखेच्या बरोबर मधोमध तांबडा गोल टिकला उघडा पडला होता. कुठल्या तरी कारागिरानं मधला राखी थर द्यायचा कंटाळा केला असावा, कारण निळ्याखाली एकदम तांबडंच. ओरखडा गेला होता. ओरखड्याबरोबर रंगही गेला होता.

शेठनी कपाळाला हात लावला. ते काही बोलणार इतक्यात दाराशी टांगा थांबला.

साहेब उतरला. उंच, वाळलेला माणूस. टोपी काखेत. चेहरा असा की हा शेवटचा कधी हसला असेल याचा अंदाज येऊ नये. आम्ही तिघेही रांगेत उभे. मी घाईघाईनं तोच शर्ट पुन्हा चढवलेला, उलटसुलट बटणं लावून.

त्यानं गाडीला फेरी मारली. मागून, मग दारं, मग उजवी पाख. मान हलवली. मग डाव्या बाजूला आला आणि थांबला.

"ये क्या है?"

शेठ माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे. खरं सांगावं तर ओरखडा सांगावा लागणार. ओरखडा का, तर पालथा पडलो. पालथा का पडलो? खरं म्हणजे चूक माझी होती आणि बोलायला मीच हवं होतं, पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

काशिनाथ पुढे झाला.

"पूजा, सायेब. कुंकू हाय. गाडी नवी झाली, म्हनून टिळा लावला."

साहेबानं हातमोजा काढला आणि बोट पुढे केलं. त्या तांबड्यावर बोट फिरवलं असतं तर बोटाला काही लागलं नसतं. कुंकू असं पत्र्याला चिकटून बसत नाही, हे इतकी वर्षं हिंदुस्थानात काढलेल्या माणसाला कळलं असतं.

"सायेब, हात नगा लावू!" काशिनाथ एकदम ओरडला. मग हात जोडून हळू आवाजात म्हणाला, "देवाचं हाय, सायेब."

बोट तिथेच, वीतभरावर थांबलं. साहेब काशिनाथकडे बघत राहिला. मग त्यानं हात मागे घेतला आणि मोजा पुन्हा चढवला.

"ये ठीक है," तो म्हणाला. "ये टीका रहने दो. वो दूसरा निशान मत बनाना. कभी नहीं." जरा थांबून त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. "हम देख नहीं सकता."

"न्हाई, सायेब," काशिनाथ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते भीतीचं होतं की सुटल्याचं, मला सांगता येणार नाही. माझ्याही डोळ्यांत होतं, पण माझं नक्की भीतीचं होतं.

गाडी निघून गेली. शेठ खुर्चीत बसले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मग म्हणाले, "काम बरं झालं तुझं, नाऱ्या." मी शर्टाची बटणं कापून गटारात टाकली.

काशिनाथ त्यानंतर अधूनमधून गाडी घेऊन यायचा. दर वेळी त्या टिकल्यावर ताजं कुंकू. मी विचारलं तर हसला. "कुंकू पान्यानं जातं, मिस्त्री. हे जात न्हाई. सायबाच्या ध्यानात आलं म्हंजी? म्हनून रोज सकाळी उठून लावतो. खोटं बोललो, ते खरं करतोय." त्याच्या लेकीचं लग्न त्याच वर्षी झालं. मी जेवून आलो.

लढाई संपली, साहेब विलायतेला गेला, आणि रंग पुन्हा मिळायला लागला तेव्हा ती गाडी नव्यानं रंगवायला माझ्याकडेच आली. मी खालच्या तांबड्यापर्यंत सगळं खरवडलं, पेट्रोलनं धुतलं, तीन हात निळ्याचे मारले. सगळीकडे रंग काचेसारखा बसला. त्या एका जागी मात्र बसेना. इतकी वर्षं कुंकवाबरोबर काशिनाथ बोटभर तूपही लावत होता. ते त्या जागी मुरलं होतं, आणि तुपावर रंग धरत नाही. दर वेळी तिथे रंग गोल फाटायचा आणि तांबडं वर यायचं. शेवटी मी नाद सोडला. काशिनाथला म्हटलं, लावा तुमचा टिळा.

पुढे मी स्वतःचं गॅरेज काढलं, आता तेही मुलाकडे दिलं. पण अजूनही कोणी गाडी चमकवायला आणली की मी खुर्चीतून उठतो आणि चावी घ्यायच्या आधी विचारतो, पूजेचं कुंकू कुठे लावता आणि कशात कालवता? लोक अदबीनं जागा दाखवतात आणि जाताना माझ्या पाया पडतात. त्यांना वाटतं, म्हातारा फार देवभोळा आहे.